दिलेली माहिती पुरेशी आहे काय?

हिंगोलीत दसऱ्याचे प्रदर्शन भरू लागले, की कापडाच्या दुकानांवर ‘सूट’ हा शब्द झळकू लागतो. अशाच एका सायंकाळी आप्तांच्या दुकानात गादीवर बसलो असता, बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या त्यांच्या कन्येने पुस्तक पुढे केले. “आजोबा, यात उत्तर काढायचेच नाही, माहिती पुरेशी आहे की नाही, एवढेच सांगायचे!”

प्रश्न असा : छापील किमतीवर २० टक्के सूट देऊन साडी विकली, नफा किती टक्के? पहिले विधान, छापील किंमत खरेदीहून ४० टक्के अधिक आहे. दुसरे, खरेदी किंमत १,५०० रुपये आहे. तिने ‘दोन्ही विधाने आवश्यक’ असे लिहिले होते. रुपयांचा आकडा दिसला की आपणा व्यापाऱ्यांना धीर येतो, त्यातलाच हा प्रकार! वास्तविक खरेदी १०० धरावी. छापील १४०, सूट २८, विक्री ११२, म्हणजे नफा १२ टक्के. पहिले विधान एकटेच पुरेसे आहे. दुसऱ्याने एकट्याने काहीच उलगडत नाही. मात्र ‘साडी किती रुपयांस विकली?’ असे विचारले असते, तर दोन्ही विधाने लागली असती.

नवव्या शतकात राष्ट्रकूट नृप अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात शेकडा व्याजाची उदाहरणे विपुल आहेत. सोलापूरहून १९६३ मध्ये तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. आपल्या किती घरांत तो असेल?

असो. तिने गादीवरचे ठोक व्यापाऱ्याचे दोन लाखांचे बिल उचलले. तत्काळ भरणा केल्यास २ टक्के सूट, अन्यथा ४५ दिवसांत पूर्ण रक्कम. “पप्पा, ही सूट आपण का घेत नाही?”

“उधारी फुकट मिळते, मग आधी पैसे कशाला द्यायचे?”

मी उत्तर देणार, तोच ती म्हणाली, “थांबा आजोबा, माहिती अपुरी आहे. कॅश क्रेडिटचा व्याजदर किती?”

दर १२ टक्के होता. १,९६,००० रुपयांवर ४५ दिवसांचे व्याज सुमारे २,९०० रुपये. सूट ४,००० रुपयांची. म्हणजे फुकटची उधारी ११०० रुपयांस पडत होती. हाच हिशेब साधारण ६२ दिवसांच्या उधारीवर बरोबरीत येतो. त्यापुढे सूट नाकारणेच शहाणपणाचे.

“काका, इतकी वर्षे हे तुम्ही सांगितले नाही!” वडील म्हणाले. त्यांनी इतकी वर्षे विचारले नव्हते, हेही खरे.

“आणि मर्यादेत जागा किती शिल्लक आहे?” मुलीने पुन्हा विचारले. बँकेत आयुष्य घालवूनही हे तिसरे विधान मला सुचले नव्हते. खातेउतारा पाहिला. सणाच्या मालामुळे मर्यादा जवळपास भरलेली. जेमतेम ८०,००० रुपयांची जागा होती. त्या बिलाची सूट हुकली. साठ हजारांचे दुसरे बिल मात्र त्यांनी दुसऱ्या सकाळीच चुकते केले.