जखमांच्या यादीत जात का नाही?

वस्तीतला एखादा शिकलेला पोरगा चार-चार रात्री झोपत नाही. सतत बोलतो, एकाच वेळी दहा योजना मांडतो, उसने पैसे काढून वाटतो, आपणच समाज बदलणार असे छातीठोक सांगतो. घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी लागले आहे. शेजारी म्हणतात, जास्त शिकला म्हणून डोक्यावर परिणाम झाला. कार्यकर्ते म्हणतात, भाऊ हवेत गेला. दोन-तीन महिन्यांनी तोच पोरगा अंथरुणातून उठत नाही, फोन उचलत नाही, मीटिंगला येत नाही. मग निकाल लागतो : फुटला, विकला गेला, चळवळीला कंटाळला. या सगळ्या निकालांत एक शब्द मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. तो म्हणजे आजार.

या आजाराला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. त्यात उन्माद आणि नैराश्य अशी दोन टोके असतात. मधल्या काळात माणूस बऱ्यापैकी सावरलेला असू शकतो, म्हणून तर लोकांना तो नाटक करतोय असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोक या आजारासह जगत होते. भारतासाठी २०१७ चा अंदाज ७६ लाखांचा आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यात महाराष्ट्र नव्हता.

संशोधन काय सांगते?

हा आजार बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे, हे जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. पण अनुवंश म्हणजे सगळे नव्हे. २०१६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये १९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. मानसिक आजार नसलेल्या लोकांच्या तुलनेत बायपोलर असलेल्यांनी बालपणी छळ, दुर्लक्ष किंवा अन्य आघात सोसलेले असण्याची शक्यता २.६३ पट आढळली. सर्वांत ठळक संबंध भावनिक छळाशी होता : सुमारे ४ पट. म्हणजे छडीपेक्षा आणि उपाशी ठेवण्यापेक्षाही सततचा अपमान, टोमणे, तुला काही किंमत नाही असे रोज ऐकवणे. फ्रान्स आणि नॉर्वेतल्या रुग्णांवरच्या २०१३ च्या अभ्यासात असेही दिसले की बालपणी आघात झालेल्यांमध्ये आजार लवकर सुरू होतो आणि आत्महत्येचे प्रयत्न जास्त होतात.

दुसरा धागा बुद्धीच्या कामकाजाचा. लक्ष टिकवणे, ऐकलेले लक्षात ठेवणे, कामाचा क्रम लावणे, निर्णय घेणे या गोष्टी अनेक बायपोलर रुग्णांना उन्माद किंवा नैराश्य नसतानाही जड जातात. सगळ्यांना नाही, पण अनेकांना. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की ज्यांच्यावर लहानपणी शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार झाले, ज्यांची आबाळ झाली, त्यांची अशा चाचण्यांतली कामगिरी तुलनेने कमी होती. त्यामागे सांगितले जाणारे एक कारण असे : सतत भीतीत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरात ताणाची संप्रेरके वारंवार उसळतात, आणि स्मृती व नियोजन सांभाळणारे मेंदूचे भाग त्या माऱ्याला विशेष संवेदनशील असतात.

हे सहसंबंध आहेत. बालपणी मार खाल्ला म्हणून बायपोलर झालाच, असा अर्थ काढणे चूक आहे. पण जखम आजाराला लवकर बोलावते आणि अधिक खोल करते, इतके म्हणायला आज पुरेसा आधार आहे.

आणि आता आमचा प्रश्न

अशा अभ्यासांत बालपणीची जखम मोजतात कशी? सर्वाधिक वापरली जाणारी एक प्रश्नावली २८ वाक्यांची आहे. तिच्यात पाच प्रकार मोजले जातात : भावनिक छळ, शारीरिक छळ, लैंगिक अत्याचार, भावनिक दुर्लक्ष आणि शारीरिक दुर्लक्ष. बरीच वाक्ये घराभोवती फिरतात. घरच्यांनी काय म्हटले, घरच्यांनी काय केले, घरात खायला होते का.

आता साताऱ्याच्या शाळेतला भीमराव नावाचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. घरी वडील रामजी सुभेदारांचे शिस्तीचे लक्ष आणि आत्याची माया. शाळेत मात्र बसायला स्वतःचे वेगळे गोणपाट, आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. या मुलाने ती २८ वाक्यांची प्रश्नावली भरली, तर कोणत्या रकान्यात खूण करायची? घराबद्दल विचाराल तर त्याचे बालपण जवळपास निरोगी ठरेल. गोणपाटाला त्या प्रश्नावलीत रकाना नाही.

युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांना जात माहीत नसेल, हे समजू शकते. पण अमेरिकेनेच आपली यादी दुरुस्त करायला घेतली आहे. १९९८ मध्ये सॅन डिएगोतून आलेला बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा प्रसिद्ध अभ्यास घरापुरता होता आणि त्यातले बहुसंख्य लोक गोरे, शिकलेले होते. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी पुढे त्या यादीत वंशभेद, असुरक्षित वस्ती, डोळ्यांदेखत झालेली हिंसा आणि शाळेतला छळ यांची भर घातली. काळ्या मुलाची जखम घराच्या दाराबाहेरही होते, हे तिथे मोजले गेले. मग भारतातल्या मानसोपचार विभागांनी आणि विद्यापीठांनी आपल्या प्रश्नावलीत जात का घालू नये? वर्गात आडनाव विचारणे, स्कॉलरशिपच्या यादीवरून हसणे, आरक्षणवाला म्हणून टोचणे, गावात बहिष्कार पडल्यावर मुलांनी काय पाहिले, हे विचारायला कोणते महागडे यंत्र लागते?

डोकेच कमी, हे आम्ही मान्य करत नाही

इथे एक सापळा आहे. उद्या कुणीतरी हेच संशोधन हातात घेऊन म्हणेल, पाहा, यांची मुले आघातातून येतात, म्हणून यांची बुद्धी कमी चालते. मनूने जे धर्माच्या नावाने सांगितले तेच विज्ञानाच्या नावाने सांगण्याचा हा डाव असेल.

त्याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या गावांमधील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्चवर्णीय आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक नव्हता. सगळ्यांसमोर जात पुकारली, आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, डोकी तीच, कोडी तीच. बदलली ती फक्त खोलीतली हवा.

म्हणून बुद्धीच्या चाचण्यांचे आकडे वाचताना विचारायचे : चाचणी कोणत्या भाषेत झाली, रुग्ण कोणत्या शाळेत शिकला, समोर कोण बसले होते? जिल्हा परिषदेच्या गळक्या वर्गात शिकलेल्याचे गुण इंग्रजी शाळेतल्याच्या गुणांशी ताडून फरक आजाराच्या खात्यावर टाकणे, हे शास्त्र नव्हे.

दुसरा सापळा आपल्या बाजूचा आहे. सगळे जातीमुळेच झाले, औषध कशाला, असे म्हणणारे आपल्यात आहेत. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर आपण संस्थांना जाब विचारला, तो विचारायलाच हवा होता. संस्था अन्यायाला आजार म्हणून झाकतात, तेव्हा लढायचेच. पण उलट टोकाला जाऊन आजाराला निव्वळ अन्याय म्हटले, तर आपलाच माणूस हकनाक जातो. पाण्यावर हक्क मिळवण्यासाठी महाडला जायचे आणि कॉलरा झाला तर डॉक्टरकडेही जायचे. या दोन गोष्टींत भांडण नाही.

तिसरी गोष्ट कडू आहे. भावनिक छळाचा आकडा आपल्या घरांनाही लागू होतो. दारू पिऊन आईला मारणारा बाप, पोरीला ओझे म्हणणारी आजी, पोराला रोज गाढव म्हणणारा साहेब झालेला बाप जयंतीच्या मिरवणुकीतही दिसतो. बाहेरचा अपमान मोजा म्हणताना घरातला अपमान लपवता येणार नाही.

मग करायचे काय?

पहिले, आजार ओळखा. सलग अनेक दिवस झोपेची गरजच न वाटणे, बोलण्याचा आणि खर्चाचा वेग सुटणे, नंतर खोल उदासी : हे दिसले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि दोन्ही काळ सांगा. फक्त उदासी सांगितली आणि नुसतेच नैराश्याचे औषध सुरू झाले, तर काही रुग्णांचा उन्माद उसळू शकतो. लिथियम हे १९४९ पासून ओळखले गेलेले, तुलनेने स्वस्त औषध आहे. त्याची रक्ततपासणी वेळच्या वेळी लागते. उन्हातान्हात घाम गाळणाऱ्या मजुराच्या अंगातले पाणी कमी झाले तर रक्तातली त्याची पातळी धोकादायक वाढू शकते, हे डॉक्टरने सांगितले नसेल तर आपण विचारायचे. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

दुसरे, मांत्रिक नको आणि औषधाऐवजी शिबिरही नको. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेले असते, ते उगाच नाही. तिथे माहिती लपवून कुणाला पाठवू नका. धम्म माणसाला प्रज्ञा वापरायला सांगतो, गोळ्या फेकायला नाही.

तिसरे, कायदा वापरा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ उपचाराचा हक्क देतो आणि जातीच्या आधारे भेदभावाला मनाई करतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर शिक्षण आणि सरकारी नोकरीत आरक्षणाची तरतूद आहे. लक्ष आणि स्मरणशक्तीवर परिणाम झालेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत सवलत मागता येते. ती भीक नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहा.

चौथे, संघटनांनी आपली रीत बदलावी. रात्रभर जागवून पोरांना राबवायचे आणि कोसळला की नाव कापायचे, हे बंद व्हावे. बायपोलर माणसासाठी झोप हे अर्धे औषध आहे. आजारातून उठलेल्या कार्यकर्त्याला हलके काम, लेखी सूचना आणि थोडा जास्त वेळ द्या. तो परत उभा राहतो.

पाचवे, आपल्यातल्या मानसशास्त्र आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी हा विषय घ्यावा. बालपणातली जातीय अवहेलना मोजणारी मराठी प्रश्नावली तयार करणे हे या पिढीचे काम आहे. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी निधी येत नाही, धोरण येत नाही, डॉक्टरही येत नाही. जनगणनेत जात मोजा म्हणून आपण रस्त्यावर येतो. दवाखान्याच्या केसपेपरवरही ती जखम म्हणून मोजली गेली पाहिजे, हे आता ठणकावून मागू या.

जयभीम!