टीबीचा रुग्ण, घरचं ताट आणि चरबीचा निरोप

लामता (बालाघाट) : निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला महिन्याला मिळणारी रक्कम १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली. गावात याकडे सरकारी मदत म्हणून बघितलं जातं. खरं तर तो उपचाराचाच भाग आहे. कारण पोट रिकामं असलं की शरीराची लढाऊ फौजही ढिली पडते.

हे कसं घडतं? चरबी म्हणजे नुसता साठा नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे हार्मोन शोधलं. ते चरबीच्या पेशींतून निघतं आणि शरीरात शिल्लक किती, हे मेंदूला कळवतं. हाच निरोप रोगाशी लढणाऱ्या टी पेशींनाही जातो. माणूस वाळला की लेप्टिन घटतं आणि टी पेशी मंदावतात. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उपाशी उंदरांना लेप्टिन दिलं, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्ती सावरली. टीबीच्या जंतूंना दाबून ठेवतात त्या मुख्यतः याच पेशी. अर्थात कुपोषणात प्रथिनं आणि जीवनसत्त्वांची कमतरताही असतेच.

औषधाला अन्नाची जोड दिली तर काय होतं, हे झारखंडमध्ये दिसलं. २०१९ ते २०२२ दरम्यान तिथे टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवीन टीबी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला.

आता दुसरी बाजू. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी केली. दोघांचा बीएमआय २२.३, पण सहकाऱ्याची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! पोटात साठलेल्या जादा चरबीतून सूज वाढवणारे निरोप निघतात, इन्सुलिनचं काम अडतं, शुगर वाढते. आणि मधुमेह असेल तर टीबीचा धोका दोन ते तीन पट होतो.

म्हणजे चरबी फार घटली तरी टीबीला वाट मिळते, आणि पोटात वाढून शुगर झाली तरी मिळते. आपल्याकडची मंडळी कामासाठी गोंदिया, नागपूरला जातात. आजार राज्याची सीमा बघत नाही. निक्षयची नोंद देशभर चालते, म्हणून गाव सोडताना नाव बदलून घ्या, औषध तोडू नका. दर महिन्याला वजन करा. ‘बारीक आहे, याला कसली शुगर’ असं म्हणून तपासणी टाळू नका.

आणि प्रशासनाला विचारायचा प्रश्न एकच : हजार रुपये रुग्णाचे, त्याच घरात राहणाऱ्या लेकरांच्या ताटात डाळ कोण वाढणार?