पाणबुड्याचे घड्याळ आणि आपले मनगट

लग्नसराई आली की नवऱ्या मुलाला घड्याळ कोणते द्यायचे, हा प्रश्न घरोघर निघतो. पूर्वी एच.एम.टी. दिले की काम भागत असे. आता मुले चित्र दाखवतात, आणि त्या चित्रातले घड्याळ बहुतेक वेळा पाणबुड्याचे असते. काळी तबकडी, भोवती फिरती कडी, पोलादी पट्टा. किंमत ऐकून घरातली मोठी माणसे गप्प होतात. किमतीकडे आम्ही पुढे येऊच. आधी मापाविषयी लिहितो, कारण या सौद्यात आपले लोक सर्वात जास्त फसतात ते मापात. आम्ही स्वतःही फसलो आहोत.

२०१५ साली आम्ही आखातात नोकरी करणाऱ्या भाच्याकडून ४५ मिलिमीटरचे एक घड्याळ मागवले. कंपनीचे नाव सांगत नाही, दोष तिचा नव्हताच. पेढीवर आलेल्या गिऱ्हाइकाला थान अंगावर टाकून पाहिल्याशिवाय आम्ही रंग ठरवू देत नाही, आणि स्वतःसाठी मात्र फोटो पाहून माल घेतला. आमचे मनगट साडेसहा इंच. घड्याळाची टोके दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत. शर्टाचा कफ त्यावरून उतरेना. शिंप्याने डावा कफ अर्धा इंच सैल करून दिला, तर फिरत्या कडीच्या दात्यांनी चार महिन्यांत त्याची कड कातरली. शेवटी घड्याळ कपाटात गेले. विकायला काढले तेव्हा हातात साठ टक्केच रक्कम आली.

तेव्हा वाचकहो, पहिली गोष्ट ही, की जाहिरातीत दिलेले मिलिमीटर म्हणजे फक्त गोल डब्याची रुंदी. कापडाचा नुसता पन्हा सांगून कोणी कापड विकत घेत नाही, वजन आणि पोतही विचारतो. घड्याळाची आणखी दोन मापे विचारावीत. एक जाडी. दुसरे, पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी. मनगटाचा वरचा सपाट भाग फूटपट्टीने मोजा. कानापासून कानापर्यंतचे माप त्याहून जास्त असेल, तर घड्याळ कितीही नामांकित असो, ते आपले नव्हे.

ही घड्याळे मोठी का, याचेही कारण आहे. १९५३ साली ब्लांपां कंपनीने फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी जे घड्याळ केले त्याचे नाव फिफ्टी फॅदम्स, म्हणजे पन्नास वाव. वाव हे माप आपल्या कोकणातल्या दर्यावर्दी मंडळींना सांगायला नको. सहा फुटांचा एक, असे पन्नास वाव म्हणजे ३०० फूट, सुमारे ९१ मीटर. गढूळ पाण्यात, अंधारात काटे दिसावेत म्हणून तबकडी मोठी आणि आकडे जाड. इटालीच्या नौदलासाठी पानेराय कंपनीने केलेली घड्याळे तर ४७ मिलिमीटरची होती. पण ती पाणबुड्याच्या जाड पोशाखावरून बांधली जात. आम्ही ती मलमलच्या कुर्त्याच्या बाहीखाली बांधू पाहतो.

फिरत्या कडीतही अक्कल आहे. पाण्यात उतरताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे किती मिनिटे गेली ते एका नजरेत कळते. चांगल्या घड्याळात ती एकाच दिशेने फिरते. धक्का लागून सरकली तरी गेलेला वेळ जास्तच दाखवील, कमी नाही, आणि पाणबुड्या हवा संपण्याआधी वर येईल. आमच्या ओळखीचे एक रंगाई कारखानदार याच कडीवर रंगाच्या टाकीची चाळीस मिनिटे मोजतात. लाखांचे घड्याळ घेऊन त्याचा खरा उपयोग करणारा आम्ही पाहिलेला हा एकच माणूस.

आता मापांची तुलना. रोलेक्सचे सबमरिनर १९५३ चेच. १९५९ पासून २०२० पर्यंत, म्हणजे साठ वर्षे, त्याचे मुख्य माप ४० मिलिमीटर राहिले. पण यात एक गंमत आहे. २०१० मध्ये पोलादी सबमरिनर नव्या घडणीत आले तेव्हा आकडा ४० च होता, मात्र कान इतके रुंद केले की घड्याळ चौकोनी आणि मोठे वाटू लागले. २०२० मध्ये आकडा ४१ केला आणि कान बारीक केले, तर हातावर ते आधीच्या ४० पेक्षा सडपातळ दिसते. आम्ही दोन्ही एकापाठोपाठ हातात घालून पाहिली आहेत. लेबलावरच्या आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्याने हा अनुभव जरूर घ्यावा.

ओमेगाचे सीमास्टर ३०० मीटर हे १९९३ मध्ये आले, तेव्हा ४१ मिलिमीटरचे होते, २०१८ पासून ४२ चे आहे. तबकडीवर लाटांची नक्षी आणि दहाच्या बाजूला एक जादा बटण. हे बटण हेलियम वायू बाहेर सोडण्यासाठी. खोल समुद्रातल्या कामासाठी बंद कक्षात दिवसचे दिवस राहणाऱ्या कामगारांना त्याची गरज पडते. आपल्या दुकानदाराच्या कोपराला ते गल्ल्याच्या कडेवर आपटते, एवढाच त्याचा संबंध. दिसायला घड्याळ देखणे आहे, यात वाद नाही. सडपातळ हाताला मात्र लांब पडते.

ट्यूडरची चाल उलटी. ही रोलेक्सच्याच संस्थापकाने काढलेली पेढी. २०१२ चे ब्लॅक बे ४१ चे, २०१८ चे ३९ चे, २०२३ चे ३७ चे. जुन्या काळचे माप लोक पुन्हा मागू लागले, हे त्यावरून कळते. ब्लांपांनेही २००७ पासून चालवलेल्या ४५ च्या फिफ्टी फॅदम्सशेजारी अलीकडे ४२ च्या आसपासचे आणून ठेवले. आमचे स्पष्ट मत असे की साडेसहा ते सात इंच मनगटाला ३९ ते ४१ पुरे, आणि जाडी १२-१३ मिलिमीटरच्या वर नको. खोलीच्या आकड्यांना तर अजिबात भुलू नये. पाणबुड्याच्या घड्याळाला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान १०० मीटर लागतात. आपल्याला पाऊस, वजू आणि फार तर विहिरीत पोहणे. त्यात मात्र चावी नीट आटे बसवून बंद केलेली हवी. ती उघडी राहिली तर ३०० मीटरचे घड्याळही बादलीभर पाण्यात बुडेल.

पट्ट्याच्या बाबतीत आम्हाला जरा जास्त बोलू द्यावे, कारण तो आमच्या धंद्याचा विषय. पोलादी पट्टा टिकाऊ, पण जड. रबराचा उन्हाळ्यात चिकटतो. तिसरा विणलेला. ट्यूडर आपले कापडी पट्टे फ्रान्समधील सेंत-एतिएन भागातल्या ज्युलियन फोर या जुन्या रिबनवाल्या पेढीकडून जॅकार्ड मागावर विणून घेते, तेही एकोणिसाव्या शतकातल्या मागांवर. भिवंडी-मालेगावच्या बंधूंनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. जुना माग भंगारात घालायला आम्ही घाई करतो, आणि तिकडे वीतभर विणलेली फीत स्विस घड्याळासोबत मानाने विकली जाते. ती हातात घेऊन पाहिली. वीण घट्ट, कड सरळ, कुठे धागा सुटलेला नाही. असा माल आपला कारीगर विणू शकत नाही, असे कोणी म्हणू नये. मागणाऱ्याने तशी कड मागितली नाही आणि तसा भाव दिला नाही, इतकेच. वापरात मात्र एक अडचण आहे. दिवसातून पाच वेळा हात धुणाऱ्याच्या मनगटावर कापडी पट्टा सुकतच नाही. तिथे पोलादी बरा, एक कडी सैल ठेवून, म्हणजे खाली पाणी पोचते. सोन्याच्या घड्याळांचा विचार आम्ही येथे केलेला नाही, कारण आमच्या वाचकांना सांगायला नको.

किंमत. सबमरिनरच्या निम्म्याच्या आसपास ट्यूडर मिळते, आणि निव्वळ वापराच्या दृष्टीने त्यात काही उणे नाही. काही तरुण व्यापारी घड्याळाकडे गुंतवणूक म्हणून पाहू लागले आहेत. त्यांनी २०२२ आठवावे. त्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत जुन्या रोलेक्सचे भाव दुकानातल्या नव्यापेक्षा कितीतरी वर गेले होते, आणि मग उतरले. चढ्या भावात घेणारे अडकले. शिवाय २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेता आयकरापोटी १ टक्का वसूल करतो, म्हणजे खरेदीची नोंद होतेच. दुसरीकडे, युरोपातील स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. ज्याला घाई नाही त्याने थांबायला हरकत नाही. सुताच्या खरेदीचे पैसे घड्याळात घालणाऱ्याला आम्ही व्यापारी म्हणणार नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पुतणीचे लग्न ठरले. मुलाने ४४ मिलिमीटरचे एक चित्र पाठवले होते. आम्ही शेरवानीच्या मापाला त्याला पेढीवर बोलावले, छाती-खांदा घेतल्यावर त्याच टेपने मनगटही घेतले. पावणेसात इंच. मग त्याला सोबत घेऊन दुकानात गेलो आणि तीन घड्याळे आळीपाळीने बांधून पाहायला लावली, बाही खाली ओढून. त्याने स्वतःच ३९ चे उचलले. शिंप्याला डावा कफ उजव्याच्याच मापाचा शिवायला सांगितला.