मेजरचे वेळापत्रक

अमेरिकेतील विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे विषयही ठरला, असा समज आपल्या अनेक घरांत आढळतो. तेथे मुख्य विषय, म्हणजे ‘मेजर’, बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत रीतसर जाहीर करावयाचा असतो. नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठाचे ‘सार्वजनिक धोरण’ हे मेजर पाहावे. माजी गव्हर्नर टेरी सॅनफर्ड यांनी विद्यापीठाचे अध्यक्ष असताना १९७१ मध्ये स्थापिलेल्या संस्थेतून ते वाढले. नावावरून हा राजकारणाचा विषय वाटेल. परंतु सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि नीतिशास्त्र हा त्याचा पाया आहे. व्यापारी घरातील मुलांना तो परका वाटू नये.

खरी मेख क्रमात आहे. धोरणविषयक इंटर्नशिपवाचून हे मेजर पूर्ण होत नाही आणि इंटर्नशिपला जाण्याआधी पायाचे ठरावीक विषय पूर्ण व्हावे लागतात. म्हणजे नोंद दुसऱ्या वर्षी झाली, तरी विषयांची निवड पहिल्या वर्षापासूनच त्या बेताने हवी. त्यातून आपली मुले एफ-१ व्हिसावर! त्यांना अशा कामासाठी बहुधा ‘सीपीटी’ ही परवानगी रुजू होण्यापूर्वीच घ्यावी लागते आणि पदवीच्या विद्यार्थ्याला ती एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते.

क्रम चुकून एखादे सत्र वाढले, तर शुल्क व निवासखर्च वाढतोच. शिवाय शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झालेले नसले, तरी व्याजाची आकारणी चालूच असते. पालक व्याजदरासाठी पाव टक्क्यावर घासाघीस करतात, सत्रांचा हिशेब मात्र क्वचितच विचारतात. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मुलाकडून चारही वर्षांचा सत्रवार आराखडा लिहून घ्यावा.