गळका वॉटर पंप आणि विहिरीवरची संवय

ज्या माणसानें जन्मभर विहिरीवर पंप चालविला, त्यास पंपाच्या गळतीविषयीं चार शब्द सांगावयास जाणें म्हणजे प्रथमदर्शनीं आगाऊपणाच होय. परंतु आमचें म्हणणें असें कीं, जीपगाडीच्या वॉटर पंपाच्या बाबतींत शेतकऱ्याचें हें जुनें ज्ञानच त्यास दगा देतें. ईट येथील व एकंदर भूम तालुक्यांतील ज्या वाचकांच्या दारीं चारही चाकांना जोर पोंचविणारी डिझेल गाडी आहे, त्यांनीं पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा अशी आमची विनंती आहे.

विहिरीवरील जुन्या धर्तीच्या पंपांत दांड्याभोंवतीं ग्रीस लावलेली दोरी ठासून भरलेली असते. ती थेंब थेंब गळलीच पाहिजे. ते थेंबच तिला ओली व थंड ठेवितात. ग्लँड आवळून गळती साफ बंद केली, तर दोरी जळते आणि दांड्यावर चरे पडतात. किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली, तेथल्या नांगरांमागून तेथले पंप आमच्या विहिरींवर आले. १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. हे पंप व हीं इंजिनें हाताळीत आमच्या दोनतीन पिढ्या यंत्रविद्या शिकल्या, आणि त्या विद्येंतील पहिला धडाच हा कीं, पंप थोडा गळावयाचाच.

जीपच्या पंपांत ही दोरी नसते. तिच्या जागीं दोन गुळगुळीत कड्या स्प्रिंगच्या जोरानें एकमेकींवर दाबून बसविलेल्या असतात. यासच सील म्हणतात. सीलच्या पलीकडे बेअरिंग, आणि दोहोंच्या मध्यें पंपाच्या पोटाखालीं एक लहानसें छिद्र. सीलमधून निसटलेलें पाणी बेअरिंगमध्यें न जातां बाहेर पडावें, एवढ्यासाठींच तें छिद्र ठेविलेलें असतें. त्याच्या कांठावर वाळलेला डाग दिसला तर घाबरण्याचें कारण नाहीं; परंतु रोज सकाळीं गाडीखालीं ओल दिसूं लागली, कीं सील संपलें असें समजावें. तें आपोआप बरें होत नाहीं. ‘थोडें पाणी घालीत राहूं’ हें विहिरीवरचें शहाणपण येथें चालत नाहीं.

या गळतीवर गांवोगांव जे उपाय होतात ते मूळ रोगाहून वाईट आहेत. रेडिएटरांत हळद टाकण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. रस्त्यांत अडलेल्या माणसानें घर गांठण्यापुरती ती टाकली तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं. पण ती हळद गळक्या सीलपेक्षां रेडिएटरच्या बारीक नळ्याच आधीं बुजविते. कांहीं जण तर तें खालचें छिद्रच लांबी भरून बंद करितात! मग पाणी बेअरिंगमध्यें शिरतें, ग्रीस धुवून जातें, आणि दांडा डुलूं लागतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत पंखा याच दांड्यावर बसविलेला असतो. बेअरिंग मोडलें म्हणजे तो फिरता पंखा रेडिएटरांत घुसतो, आणि पंपाचा खर्च वांचविणाऱ्यास पंप, पंखा व रेडिएटर असे तिन्ही विकत घ्यावे लागतात.

काळ्या रानांत, चिखलांत, चारही चाकें जोडून खालच्या गिअरमध्यें गाडी काढतांना इंजिन जोरांत फिरतें, पण गाडी पावलापावलानें चालते. समोरून वारा लागत नाहीं. सारी भिस्त पंखा व पंप यांवर. अशा वेळीं पाणी कमी असेल तर इंजिन तापतें, हेड वाकतें, गास्केट जळतें. कांट्यावर विसंबूं नये. त्याचा संवेदक पाण्याबाहेर उघडा पडला, तर इंजिन जळत असतांहि कांटा निवांत बसलेला आढळतो. भूमकडचा खवा प्रसिद्ध आहे व तो नाशवंत आहे. घाटांत गाडी उभी राहिली तर तो मालकाची वाट पाहत नाहीं. बार्शीच्या इस्पितळाकडे निघालेल्या रोग्याविषयीं तर बोलावयासच नको.

नुसतें सील बदलावें कीं सबंध पंप, असा प्रश्न नेहमीं निघतो. आमच्या मतें सबंध पंपच बदलावा. बेअरिंग दाबून बसविण्यास प्रेस लागतो; जेथें तो नाहीं तेथें हातोडा चालतो, आणि हातोड्यानें बसविलेलें सील फार दिवस टिकत नाहीं. महिंद्रांच्या ज्या जुन्या गाड्यांत प्यूजोच्या परवान्याचें डिझेल इंजिन आहे, त्यांच्या मालकांनीं जुना पंप दुकानांत नेऊन नव्याशेजारीं ठेवावा. भोंकें जुळतात एवढ्यावर भागत नाहीं, दांड्याची लांबी व आंतील पंख्याची खोलीहि जुळली पाहिजे. जुन्या गास्केटचा कण न् कण खरवडून काढावा. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, सारख्या जोरानें आवळावे. पट्टा त्याच वेळीं नवा घालावा, पण तारेसारखा ताणूं नये. अति ताणलेला पट्टा नव्या बेअरिंगचा काळ होतो.

आणि आंत काय भरावयाचें? बोअरचें पाणी तर मुळींच नको. आमच्या काळ्या खडकांतील पाणी बहुधा जड असतें. चुलीवरच्या भांड्यांत जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या पोटांत बसतो व सीलच्या कड्यांस घांसतो. शुद्ध केलेलें पाणी व कूलंट हींच भरावीं. कूलंट गंज थांबवितें व उकळबिंदु वाढवितें, म्हणून उन्हाळ्यांतहि तें हवेंच. मात्र इंजिन थंड असतांनाच टोपण उघडावें, आणि जुनें कूलंट अंगणांत सोडूं नये. तें चवीला गोड पण विषारी असतें. कुत्रें वा वासरूं तें चाटून मरूं शकतें. भरल्यावर इंजिन चालवून आंतील हवा निघूं द्यावी, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं पातळी पुन्हां पाहावी.

एवढें सांगून मुख्य सूचना करितों. शेतकऱ्यांच्या संघांचीं भांडारें बीं व खत ठेवितात, तें योग्यच आहे. परंतु खात्रीचा वॉटर पंप, त्याचें गास्केट, पट्टा आणि कूलंट यांसाठीं शेतकऱ्यानें दूरच्या बाजारांत जाऊन नकली माल खरा समजून घ्यावा, हें आम्हांस पटत नाहीं. संघानें सभासदांकडून गाड्यांची यादी घ्यावी, त्यांतील दोनतीन प्रचलित इंजिनांपुरते पंप मृगापूर्वीं मागवावे, व पावती देऊन विकावे. यांत पुष्कळ पैसा अडकेल असें म्हणणाऱ्यांनीं एका जळालेल्या हेडचा खर्च विचारून यावा, आणि मग सभेंत विरोध करावा.