परराष्ट्र धोरण कुणाच्या बापाचं?

मागच्या बैठकीत एका दोस्तानं मला गप्प केलं. म्हणाला, "अरे, इथं पाणवठ्यावरनं डोकी फुटतायत आणि तू सार्क काय घेऊन बसलास? ते दिल्लीतल्या साहेबांचं काम." चारपाच जण हसले. मीही हसलो. घरी गेल्यावर चीड आली. त्याच्यावर नाही, स्वतःवर.

दोस्तांनो, मी रिंगखात्यात काम करतो. एप्रिल २०२५ मध्ये भारतानं बांगलादेशाच्या मालाला आपल्या बंदरा-विमानतळांतून तिसऱ्या देशात जायची सवलत काढून घेतली. आठवडाभरात बांगलादेशानं आपलं सूत जमिनीवरच्या नाक्यांतून घ्यायचं बंद केलं. (तिकडच्या गिरणीवाल्यांनाही आमचं स्वस्त सूत नकोच होतं, हेही खरं.) मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे नाक्यावर अडवले. आणायचे तर न्हावाशेवा नाहीतर कोलकात्याच्या बंदरातनं आणा! दोन सरकारांनी एकमेकांची गचांडी धरली आणि आमच्या गोदामात कोनांची बाचकी छताला लागली. रातपाळी बंद. बदलीवाले पहिले घरी. बदलीवाले कोण असतात, हे तुम्हाला सांगायला पाहिजे का? ढाक्यात शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला माझं नाव माहीत नाही, मला तिचं नाही. पण तिचा दोरा माझ्या चातीवरनं जातो. राष्ट्रहित राष्ट्रहित म्हणून जे काय बोंबलतात, त्यात ती पण नाही नि मी पण नाही.

माणसं वाटून घ्यायची सवय जुनी आहे. सिलोनच्या चहामळ्यांत इंग्रजांनी तमीळ मजूर नेले, त्यात आपले लोक ढिगानं. १९४८ च्या कायद्यानं त्यांना देशच उरला नाही. १९६४ साली शास्त्री आणि सिरिमावो बंडारनायके यांनी करार केला. सव्वापाच लाख भारतानं न्यायचे, तीन लाख सिलोननं ठेवायचे, उरलेल्या दीड लाखाचं मागनं बघू. १९७४ ला तेही निम्मे निम्मे. कापसाच्या गाठी वाटाव्यात तशी माणसं वाटली. मळ्यातल्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि याला म्हणे शेजारधर्म.

सार्क ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात जन्मली. सनदेतच लिहून ठेवलंय, दोन देशांतला भांडणाचा विषय बैठकीत काढायचा नाही. गावकीसारखंच की! सगळं बोलायचं, विहिरीचं सोडून. २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच झालेली नाही. नेत्यांना एकमेकांच्या देशात जाता येत नाही, जात मात्र व्हिसा न काढता फिरते. नेपाळात आहे, सिंधमध्ये आहे, ढाक्यातल्या सफाई कामगारांच्या वस्त्यांत आहे. प्रादेशिक सहकार्य म्हणतात ते एवढं एकच पक्कं चाललंय.

१९४६ साली भारतानं दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचा छळ युनोत मांडला. गोरं सरकार म्हणालं, आमचा घरचा मामला. आपण ते मानलं नाही. बरोबर केलं. २००१ साली डरबनच्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा आपलं सरकार काय म्हणालं? घरचा मामला. त्याच आफ्रिकेत जाऊन त्याच गोऱ्यांचं वाक्य उचललं साल्यांनी, लाज नाही वाटली.

आणि आपण? १९५१ चा बाबासाहेबांचा राजीनामा म्हटलं की हिंदू कोड बिल आपल्याला पाठ. त्याच निवेदनात परराष्ट्र धोरणही होतं, ते आपणच गाळतो. वर्षाच्या ३५० कोटी उत्पन्नातले १८० कोटी लष्करावर जातात, कारण जगात आपल्याला मित्र उरले नाहीत, असा रोखठोक हिशेब त्यांनी मांडला होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये, शरीर साथ देत नसताना, ते काठमांडूला बौद्ध परिषदेला गेले. सार्कचं कार्यालय तिथं थाटलं जायच्या तीस वर्षं आधी. त्यांना कुणी म्हणालं नसेल, "हे साहेबांचं काम."

मजुरांच्या पोटावर येणारा करार मजुरांना विचारल्याशिवाय होता कामा नये. शेजारी देशांच्या बैठकीत जात हा विषय आला पाहिजे. हे मागायला इंग्रजी लागत नाही.

आमची रातपाळी अजून सुरू झालेली नाही, म्हणजे मला वेळच वेळ. २६ ऑगस्ट १९५४ चं बाबासाहेबांचं राज्यसभेतलं भाषण वाचायला काढलंय, पंचशीलावर जे आहे ते. रविवारी विहारात मोठ्यानं वाचू. हसणाऱ्या दोस्तानं जरूर यावं, सतरंज्या घालायला माणूस कमी आहे.