विश्लेषण : निवृत्तीनंतर जोडीने परदेशात स्वयंसेवा… अडचण वयाची की व्हिसाची?

मुलगा किंवा मुलगी परदेशात, हातात निवृत्तिवेतन, प्रकृती बरी आणि दिवस रिकामा. पुणे-ठाण्यापासून कोल्हापूर-नागपूरपर्यंत अशी असंख्य जोडपी आहेत. मुलांकडे सहा महिने राहायचे आहेच, तर तिथे एखाद्या संस्थेत काम करावे, किंवा थेट आफ्रिका, नेपाळमध्ये जाऊन शिकवावे, असा विचार त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात येतो. ‘या वयात कोण घेणार’ ही शंकाही लगेच येते. प्रत्यक्षात वय ही फार मोठी अडचण नाही. खरी अडचण पासपोर्ट आणि त्यावरच्या व्हिसाची असते.

वयाची अट खरेच असते का?

याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. १९६६ मध्ये लिलियन कार्टर ही ६८ वर्षांची अमेरिकी परिचारिका ‘पीस कोअर’ या सरकारी स्वयंसेवी संस्थेतर्फे विक्रोळीत आली आणि गोदरेज वसाहतीत तिने आरोग्यसेवेचे काम केले. तिचा मुलगा जिमी कार्टर पुढे १९७७ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तोच मुलगा २००६ मध्ये पत्नी रोझलिनसह लोणावळ्याजवळ आला, तो ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’च्या प्रकल्पात गरिबांसाठी १०० घरे बांधायला. तेव्हा तो ८२ वर्षांचा होता आणि ती ७९ वर्षांची.

पीस कोअरला आजही कमाल वयाची अट नाही. मात्र अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. ग्रीन कार्ड पुरत नाही. त्यामुळे सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेलेल्या आणि आता निवृत्त झालेल्या मराठी जोडप्यांना ही दारे उघडी आहेत. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे ‘यूएनव्ही’, हा मोठा पर्याय. तिथे वयाची कमाल मर्यादा ८० वर्षे आहे. ‘तज्ज्ञ’ गटासाठी किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो आणि निवृत्त माणसाकडे नेमका तोच असतो. पगार नसतो, पण राहणीमानासाठी मासिक भत्ता आणि वैद्यकीय विमा मिळतो.

जोडीने गेल्यास दोघांनाही काम मिळते?

याचा विचार बहुतेक जोडपी सर्वात शेवटी करतात. पीस कोअरमध्ये पती-पत्नी दोघांनाही स्वतंत्र अर्ज करावा लागतो. दोघांचीही निवड व्हावी लागते आणि दोघांनाही वैद्यकीय मंजुरी मिळावी लागते. एकाचा मधुमेह किंवा हृदयविकार आडवा आला तर दुसऱ्याचेही जाणे अडते. २७ महिन्यांच्या या कालावधीत सुरुवातीच्या प्रशिक्षणावेळी दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी राहावे लागू शकते, तेही अनोळखी यजमान कुटुंबात. चाळीस वर्षांच्या संसारानंतर याची तयारी किती जणांची असेल?

यूएनव्हीमध्ये निवड व्यक्तीची होते, जोडीची नाही. जोडीदार अवलंबित म्हणून जाऊ शकतो, पण कुटुंबासह राहण्याची मुभा असलेल्या ठिकाणीच. समजा, पती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आणि पत्नी मराठी शाळेतल्या प्राथमिक शिक्षिका आहेत. पाणीपुरवठ्याचे काम जाणणारा माणूस टांझानियात हवाच असतो. पण तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात. बाईंच्या तीस वर्षांच्या अनुभवाला तिथे जागा मिळत नाही आणि ‘स्वयंसेवा’ म्हणजे परक्या गावात दिवसभर घरात बसणे ठरते.

हेच चित्र अमेरिकेत नेमके उलटे होते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा तिथे स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. ज्यांनी आयुष्यभर बाराखडी शिकवली, त्या बाई तिथे लाखमोलाच्या आणि अभियंता साहेब खुर्च्या लावायला! म्हणून संस्था निवडण्याआधी दोघांनीही स्वतंत्रपणे ‘मी तिथे नेमके काय करणार’ हे लिहून काढलेले बरे.

मुलांकडे गेल्यावर अशी सेवा करता येते का?

येते, पण चौकटीत राहून. अमेरिकेच्या व्हिसा नियमांत मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा सेवाभावी संस्थेच्या स्वयंसेवी कार्यक्रमासाठी बी-१ वर्गात सोय आहे. पगार घेता येत नाही, फक्त आनुषंगिक खर्चाची भरपाई चालते. वस्तूंची विक्री करणे किंवा देणग्या गोळा करणे या सवलतीत बसत नाही. त्यामुळे मंदिरात पंगत वाढणे वेगळे आणि तिथल्या स्टॉलवर विक्रीला बसणे वेगळे. भारतीयांना सहसा बी-१/बी-२ असा एकत्र व्हिसा मिळतो, पण पालक प्रवेश करतात ते बहुधा बी-२ वर, म्हणजे भेटीसाठी. अशा वेळी संस्थेचे पत्र आधी मागवून घ्यावे आणि विमानतळावर विचारल्यास खरे ते सांगावे. मुलाच्या कंपनीचे हिशेब ‘फुकटात’ पाहून देणे ही स्वयंसेवा नव्हे. नफ्यासाठी चालणाऱ्या ठिकाणचे काम पगार न घेताही नोकरी मानले जाऊ शकते.

ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, मात्र तो प्रवासाचा मुख्य हेतू असू नये. त्याहून जास्त काळासाठी १२ महिन्यांपर्यंतचा वेगळा ‘चॅरिटी वर्कर’ व्हिसा आहे आणि त्याला पुरस्कर्ती संस्था लागते. ऑस्ट्रेलियातही मुख्य हेतू भेटीचा असावा आणि एरवी स्थानिक माणसाला पगार देऊन करून घेतले जाणारे काम नसावे, अशी अट आहे.

जेवण-राहण्याच्या बदल्यात काम चालते?

इथे सर्वाधिक फसगत होते. शेतावर किंवा घरी रोज काही तास काम आणि त्या बदल्यात खोली व जेवण, अशा जोड्या लावून देणारी संकेतस्थळे लोकप्रिय आहेत. अमेरिका आणि कॅनडाचे सीमा अधिकारी हा मोबदला मानू शकतात. २०२५ च्या सुरुवातीला एका ब्रिटिश तरुणीला याच कारणावरून कॅनडाने परत पाठवले आणि अमेरिकेने सुमारे तीन आठवडे स्थानबद्ध ठेवले. ती पर्यटक व्हिसावर होती आणि राहण्याच्या बदल्यात घरकाम करत होती.

नेपाळ सर्वात सोपा?

भारतीयांना व्हिसाच लागत नसल्याने सोपा खरा. पण पैसे भरून आठवडा-दोन आठवडे अनाथालयात ‘सेवा’ देणाऱ्या सहलींपासून दूरच राहावे. नेपाळ आणि कंबोडियात अशा संस्थांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे युनिसेफने दाखवून दिले आहे. पाहुण्यांचा पैसा येत राहतो, म्हणून मुले घरापासून तोडली जातात. त्यापेक्षा स्थानिक शिक्षकांना शिकवणारे, गावातल्या लोकांनी मागितलेले काम शोधावे.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

भारतातली मेडिक्लेम पॉलिसी बहुधा परदेशात चालत नाही आणि प्रवास विम्यात जुने आजार सहसा वगळलेले असतात. केनिया, युगांडा, घानासारख्या देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती पहिल्यांदाच घेणाऱ्या साठीपुढच्या व्यक्तींमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका अधिक असल्याने तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होते. ते नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. सरकारी निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून परदेशातूनही देता येतो. त्यासाठी ओटीपी येणारा भारतीय क्रमांक मात्र चालू ठेवावा लागतो.